फुंक मोजणारे काका

अत्तर लावलेल्या माणसाला काका घरात घेत नसत. दारातच थांबवून, अगदी अदबीनं, "आपण जरा अंगणात बसावं, मी बाहेर येतो" म्हणत. लग्नाच्या मांडवात कुणी मनगटाला अत्तर लावायला पुढे आलं की काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. लोक म्हणायचे, म्हातारा विक्षिप्त आहे. होतेच. पण त्यांच्या प्रत्येक विक्षिप्तपणाला कारण असे, आणि ते ऐकायला अर्धा तास लागे म्हणून कुणी विचारत नसे.

मला मात्र ऐकावंच लागलं, कारण मी त्यांच्या हाताखाली कामाला होते. देवासच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडच्या मागे आमचं दोन खोल्यांचं दुकान. कारखान्यांच्या फाटकावर ड्रायव्हर लोकांना ज्यात फुंकायला लावतात ती दारूची मीटरं आमच्याकडे तपासायला येत. मालक इंदूरला बसून फोन करायचे आणि काम सगळं काका बघायचे. माझा डिप्लोमा नुकताच झाला होता आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इकडे आलेले. त्यामुळे घरात मराठी, शाळेत हिंदी आणि रस्त्यावर "क्या भिया". काकांची मराठी वेगळीच होती. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर माळव्यात आले आणि येताना आणलेली भाषा त्यांनी तशीच डब्यात भरून ठेवली होती. मला, नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरीला, ते "आपण" म्हणत. पहिल्या दिवशी "उदईक येताना डब्यात केळं आणावं" असं म्हणाले. उदईक म्हणजे उद्या हे मी घरी जाऊन आईला विचारलं, तर तिलाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते केळं मला खायला लावलं. चांगलं काळं पडलेलं, पिकून मऊ झालेलं. शेवटचा घास गिळते न गिळते तोच मीटर तोंडापुढे धरलं आणि म्हणाले, फुंकावं. मी फुंकले. आकडा आला. अगदी लहान, पण आला. मी घाबरले, आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही. काका गालात हसत होते. मग पाण्यानं चूळ भरायला लावून त्यांनी मला बाकावर बसवलं, घड्याळ बघत बसले, आणि पाव तासानं पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. "हे मीटर खोटं बोललं नाही," ते म्हणाले, "आपण त्याला चुकीच्या वेळी विचारलं." पिकलेल्या केळ्यात थोडं आंबणं असतं, त्याचा वास तोंडात रेंगाळतो, आणि मीटरला तोंडातली दारू कुठली आणि रक्तातली कुठली हे कळत नाही. रक्तातली शोधायची तर तोंडातली आधी जाऊ द्यावी लागते.

मग त्यांनी एक मेलेलं मीटर उघडून आतला सेल माझ्या तळहातावर ठेवला. कोटाच्या बटणाएवढी चकती. दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ लेप आणि मधे आम्लात भिजवलेला सच्छिद्र थर, एवढंच. श्वासातली दारू एका बाजूला पोचली की प्लॅटिनमवर तिचं व्हिनेगरमधल्या आम्लात रूपांतर होतं. ते होताना तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेतून दुसऱ्या बाजूला धावतात. धावले की वीज. दारू जास्त तर वीज जास्त, आणि ती वीज मोजली की झाला आकडा. काका म्हणायचे, हा सेल दारूवर चालतो आणि पुष्कळ माणसंही दारूवर चालतात, पण किती घेतली ते सेल विचारल्याबरोबर सांगतो.

तपासणीसाठी आमच्याकडे एक काचेची बरणी होती. पाण्यात मोजून मिसळलेली दारू, आणि बरणीचं तापमान माणसाच्या उच्छ्वासाइतकं राखलेलं. तिच्यातून निघालेली वाफ मीटरला दिली की आकडा किती यायला हवा ते आधीच माहीत असतं. तो आला नाही तर मीटर दुरुस्त करायचं. या बरणीला काका "आमचे जहागीरदार" म्हणत. रोज ठरलेली पितात आणि कधी बरळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शनिवारी संध्याकाळी ते कपाटात पडून असलेली सगळी मीटरं काढून एकेकात स्वतः फुंकत. वापरात नसलेला सेल आतून सुकतो, त्याला माणसाच्या श्वासाची ओल लागते. मी त्यांना चिडवायचे की शनिवारी लोक मारुतीला जातात आणि तुम्ही कपाटाला फुंकता. ते म्हणत, मारुतीला जाणारे पुष्कळ आहेत.

कोरोना ओसरल्यावर फाटकांवर फुंकणं पुन्हा सुरू झालं तेव्हा काकांचे वाईट दिवस आले. सॅनिटायझरमध्ये, हल्लीच्या अत्तरांसारखीच, दारू असते; जो तो ते हाताला चोळायचा आणि त्याच ओल्या हातानं मीटर धरायचा. एका कारखान्यात सकाळच्या पाळीचे सगळे ड्रायव्हर दारुडे निघाले, त्यात एक माळकरी होता. काका जाऊन उभे राहिले, गार्डाचा हात हुंगला, आणि त्याला साबणानं हात धुऊन यायला सांगितलं. पुढे कुठेही मीटर नेऊन देताना ते सोबत साबणाची वडी द्यायचे. मालकांना हा खर्च पटला नाही. काका स्वतःच्या खिशातून द्यायला लागले.

आमच्याकडे माळव्यात नवी गाडी आली की आधी भेरूजीला, म्हणजे भैरोबाला, नेतात. देवाला दारूची धार देतात आणि उरलेली प्रसाद म्हणून जिभेवर घेतात. एकदा धार जिल्ह्यात, पीथमपूरच्या एका फाटकावर नव्या ट्रकचा ड्रायव्हर थेट भेरूजीहून आला आणि मीटरनं असा आकडा दाखवला की माणूस उभा कसा राहिला हाच प्रश्न पडावा. गार्डानं त्याला बाहेर काढलंच होतं. काका तिथं दुसऱ्या मीटरसाठी आले होते. त्यांनी ड्रायव्हरला चूळ भरायला लावली, बाकावर बसवलं, त्याच्या शेजारी स्वतः बसले आणि त्याच्या पोराबाळांची चौकशी केली. पाव तासानं शून्य आलं. त्या दिवसापासून धार जिल्ह्यातल्या फाटकांवर ड्रायव्हर लोक काकांना "काकासाब" म्हणायला लागले, आणि भांडण झालं की "काकासाब को बुलाओ" असा धोशा लावायला लागले.

एवढी अब्रू होती म्हणून लोकांना ते कडकही वाटत. सणासुदीला एका बसमालकानं मीटर जरा नरम करून मागितलं, म्हणजे खरा आकडा असेल त्याहून कमी दाखवणारं. काका उठले. त्यांनी त्याचं मीटर फडक्यात गुंडाळून परत दिलं आणि पुन्हा त्याचं कुठलंच काम घेतलं नाही. मला म्हणाले, यंत्राला खोटं बोलायला आपण शिकवायचं नसतं.

हे सगळं सांगितलं ते मांगीलालचं सांगता यावं म्हणून. त्याच्याविषयी लिहायचं माझ्या जिवावर येतं.

मांगीलाल अमझेऱ्याचा. पीथमपूरच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवायचा. चाळिशीचा, किडकिडीत, मान खाली घालून बोलणारा. रोज सकाळी फाटकावर फुंकायचा, पण मीटर त्याची फुंक घेईना. या मीटरला थोडी फुंक चालत नाही. सुरुवातीची हवा तोंडातली आणि घशातली असते, ती ते सोडून देतं. माणूस फुंकत फुंकत शेवटाला आला, छातीच्या तळातली हवा यायला लागली, की आतला छोटा पंप त्यातली ठरलेली चिमूट ओढून सेलवर टाकतो आणि बीप वाजतो. कारण रक्ताची आणि हवेची गाठ त्या तळातच पडते. मांगीलालची फुंक तळापर्यंत जायच्या आतच संपायची. पडद्यावर अपुरा श्वास असं यायचं. पिणारे लोक मुद्दाम अशी अर्धवट फुंक मारतात हे प्रत्येक गार्डाला माहीत असतं. तीनदा अपुरी म्हणजे नकार, आणि नकार म्हणजे प्यायलेला, असा तिथला नियम. बाकीचे दिवस तिसऱ्या फुंकेला कसंबसं निभावलं, पण एकदा त्याला घरी पाठवलं होतं. पुन्हा तसंच झालं असतं तर नोकरी जाणार होती. म्हणून काकांना बोलावणं आलं, आणि मीही गेले.

गार्ड म्हणाला, नौटंकी है काकासाब, आठ दिवस हेच चाललंय. काकांनी त्याला गप्प केलं. मांगीलालला नेहमीसारखं बसवलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिले. ते बोलत नव्हते, त्याचा श्वास ऐकत होते. मग त्यांनी त्याला हळू फुंकायला सांगितलं आणि ती लहानशी फुंक संपता संपता मीटरच्या बाजूचं बटण अंगठ्यानं दाबलं. ज्यांना पुरं फुंकता येत नाही त्यांच्यासाठी हे बटण असतं. पंप आपोआप न चालता तपासणाऱ्याच्या बोटावर चालतो. शून्य आलं. पुन्हा केलं, पुन्हा शून्य. मांगीलालचे डोळे भरून आले. गार्डानं मान फिरवली.

काका तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं, असं ते पुढे स्वतःच म्हणत. पण ते थांबले नाहीत. शेजारी सुरक्षा अधिकारी उभे होते, भला माणूस होता, त्यांच्याकडे वळून काका म्हणाले, "साहब, ये आदमी पीता नहीं है. इसकी छाती में हवा ही नहीं है. एक्स-रे करवाइए इसका."

एक्स-रे झाला. मांगीलाल आधी कित्येक वर्षं दगडाची पूड करणाऱ्या गिरणीत कामाला होता, ती पूड छातीत बसली होती. तिच्यावर औषध नाही. आता अशा माणसाच्या हातात माणसांनी भरलेली बस कोण देणार. कारखान्यानं त्याला कागदोपत्री नीट, नियमाप्रमाणे, कामाला अयोग्य ठरवून घरी पाठवलं. दारूचा डाग पुसला गेला आणि नोकरी गेली. गार्डाच्या शंकेनं जे व्हायचं राहिलं ते काकांच्या खरेपणानं झालं.

मी त्यांना तेव्हाही सांगितलं की तुम्ही बरोबरच केलंत. हा माणूस बस चालवताना गुदमरला असता तर. काका म्हणाले, "बरोबर होतं. पण मला विचारलं होतं ते दारूचं." त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात ते जहागीरदारांवरसुद्धा बोलले नाहीत.

मग ते अमझेऱ्याला जायला लागले. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, धारहून अमझेरा, असा तीन बसगाड्यांचा रविवार. मी पहिल्यांदा हट्टानं बरोबर गेले. मला वाटलं, त्याच्या घरचे आम्हाला उभं करणार नाहीत. तसं काही झालं नाही. मांगीलालची बायको चहा करायची, मांगीलाल अंगणात खाटेवर बसून बसच्या गोष्टी सांगायचा. कुठल्या वळणावर गिअर बदलावा, कुठला कामगार रोज उशिरा येतो आणि त्याच्यासाठी तो मुद्दाम हळू कशी चालवायचा. काका फळं न्यायचे. धापेवरच्या औषधासाठी इंदूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनीच त्याला नेलं. पण मांगीलालला औषधात फारसा रस नव्हता. त्याच्या मनानं एकच धरलं होतं. आपल्याला कामावरून काढलं ते मीटरनं आपली फुंक घेतली नाही म्हणून, तेव्हा एक दिवस मीटरनं ती आपण होऊन घेतली, की आपल्याला परत घेतील. एक्स-रे, अयोग्य, हे शब्द त्याच्या कानावरून गेले होते. त्याला कळत होता फक्त तो बीप.

म्हणून तो दर खेपेला म्हणायचा, मीटर लाए हो काकासाब? आणि काका पिशवीतून मीटर काढायचे. तो फुंकायचा. अपुरा श्वास. पुन्हा फुंकायचा. अपुरा श्वास. मग हसून म्हणायचा, चलो, अगली बार. मला ते बघवत नसे. परतीच्या बसमध्ये मी एकदा काकांना रागानं म्हटलं की मीटर नेताच कशाला. ते म्हणाले, तो मागतो, दुसरं काय आहे माझ्याकडे द्यायला.

थंडी पडायला लागली आणि मांगीलाल खाटेवरून उठेनासा झाला. त्या खेपेला त्याला बोलताना मधे मधे थांबावं लागत होतं. बायको पाठीला टेकू देऊन त्याला बसतं करत होती. तरी त्यानं मीटर मागितलं. काकांनी नवी नळी लावली आणि त्याच्या तोंडापुढे धरलं. ती फुंक मी विसरणार नाही. चहा गार करायला घालतात तेवढीही नव्हती. आणि बीप वाजला.

मी काकांच्या हाताकडे बघितलं. अंगठा बटणावर होता.

"ले ली," मांगीलाल म्हणाला. पडद्यावर शून्य होतं. त्यानं ते बायकोला दाखवलं, मला दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. श्वास लागला होता तरी तो बोलत होता. मग काकांचा हात धरून त्यानं विचारलं, "तो सोमवार से आ जाऊँ, काकासाब? आप साहब से बोल दोगे?"

काकांनी दुसऱ्या हातानं मीटर बंद केलं. मग म्हणाले, "मैं फोन करूँगा."

आजारी माणसाला आपण म्हणतो ना, बरा झालास की काशीला जाऊ, तसं ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. परतीच्या वाटेवर काका खिडकीशी बसले होते आणि मीटर मांडीवर घट्ट धरलेलं होतं. धार आलं. मग मीच म्हटलं की तो आकडा खराच होता, तो कुठे प्यायला होता. काकांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी जायच्या आत मांगीलाल गेल्याचा निरोप आला.

तेराव्याला आम्ही गेलो. अंगणात माणसं बसली होती. मांगीलालची बायको आतून आली, काकांच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. रागानं नाही. तिला वाटत होतं, काकांना ऐकून बरं वाटेल. ती म्हणाली, "सोमवार को अंधेरे में ही उठ गया. कितना दिन से उठता ही नी था. बोल्या, खाकी निकाल. दाढी बना दे. खाट बाहर रखवाई, सडक की तरफ मूँडो करके बैठ्या. फोन गोद में रख्यो थो." मग म्हणाली, "शाम तलक बैठ्या रह्या. बुधवार को गया."

काका तिच्यापुढे हात जोडून बसून राहिले. तिनं त्यांना पाणी आणून दिलं.

देवासला आल्यावर काकांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा मीटरला हात लावला नाही. मालकांनी फोन केले, मी विनवण्या केल्या. ते म्हणायचे, "आपल्याला येतं सगळं, आपण करावं." काकू कधीच्या गेलेल्या होत्या. घरी एकटे राहायचे, स्वतःचं स्वतः करून खायचे. ते दिवसेंदिवस बारीक होत गेले आणि मला ते दिसत होतं. मी डबा घेऊन जायचे आणि भांडायचे. चिडले की मला बरं वाटलं असतं, पण ते चिडायचेही नाहीत.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या आजारपणात मी एकदा त्यांच्या घरी मनातलं सगळं बोलून टाकलं. म्हटलं, काका, तुम्ही त्या माणसाला शेवटचा एक दिवस दिलात. इतके दिवस तो आडवा होता, तो उठून बसला, दाढी केली, कपडे केले. आपल्याला कामावर घेणार आहेत असं समजून गेला तो. एवढं कुणी कुणाला देतं का. मी रडत होते. माझं खरंच तसं मत होतं, अजूनही आहे.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आपण म्हणता ते असेलही," ते म्हणाले. "पण तो दिवसभर तिथं बसला होता तेव्हा मी काय करत होतो, सांगू? बाजारात मटार स्वस्त झाले होते. मी इथे खाली बसून मटार सोलत होतो. फोन इथेच, ताटाशेजारी होता."